कडू दुधी

थंडी पडली की आमच्या बागेच्या फाटकाशी रसवाला टेबल मांडतो. आवळा, आलं, दुधी. सर्दी-खोकल्यावर सगळं नैसर्गिक. फिरून आलेली माणसं विश्वासाने ग्लास रिकामे करतात. काल आमच्या ह्यांनीही दुधीचा रस घेतला आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं.

"कडू आहे हो."

"कडू तेच औषध, काका," रसवाला हसला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. दुधी चिरताना आई आधी एक फोड चाखायची. कडू निघाला तर गाईलाही घालायची नाही, कारण कडू दुधी विषारी. मी ह्यांच्या हातातला ग्लास काढून रसवाल्यापुढे धरला. "तुम्हीच घ्या बघू घोटभर."

त्याने जिभेला लावला, थुंकला आणि अख्खं भांडं गटारात ओतलं.

कडू ते गुणकारी आणि वेलीवरचं ते निर्धोक, हे आपल्याला कुणी पटवून दिलं? विषही मातीतूनच उगवतं.

एकच घोट गेला होता, म्हणून ह्यांना काही झालं नाही. पण आमच्या आधी त्याच भांड्यातला रस पिऊन गेलेली माणसं तोवर धुक्यात दिसेनाशी झाली होती, आणि हाक मारायला आम्हाला त्यांतल्या कुणाचं नावही ठाऊक नव्हतं.