साहेबाले सांगतलं होतं

चिखलीच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग एसटीत चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "पत्रक लोक फाडून टाकतेत पोरी. टीव्ही कोन फाडीन?" बाबांनी आयुष्यभर मोर्चांत, जयंतीत, ग्रामसभेत पत्रकं वाटली. अमडापूरच्या घरात मी अक्षरं शिकले ती हाताला शाई लागणाऱ्या त्याच कागदांवर. मुंबईला निघाले ती मोठ्या आवाजाचं पत्रक काढायला.

तिथे मी एका चॅनेलसाठी शोध घेणारे माहितीपट दिग्दर्शित करते. पण फिल्मवर शेवटचा हात माझा नसतो, हे उशिरा कळलं. गावात राहिलेल्यांनो, तुम्ही विचारता म्हणून सांगते.

सोनाळ्याकडच्या एका गावात नळाला घाण पाणी सोडलं गेलं, लेकरं आजारी पडली. तिथे व्हॉल्व्ह उघडणारे माझे सख्खे मामा. हे नातं मी चॅनेलला आधीच सांगितलं होतं. गावात कोणी बोलेना, मामा कॅमेऱ्यात बघून बोलले, "साहेबाले पयलेच सांगतलं होतं, हे पानी सोडू नका."

आमच्याकडे 'साहेबाले' म्हणजे साहेबांना, इथे पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्याला. पण वऱ्हाडी इतरांना कळत नाही म्हणून मुंबईत डबिंग ठरलं. मी दुसऱ्या शूटवर होते. राज्यभर स्वच्छ आवाजात ऐकू गेलं: "साहेबांनी आधीच सांगितलं होतं, हे पाणी सोडू नका."

ज्यानं बजावलं तो गुन्हेगार झाला, ज्यानं ऐकलं नाही तो साहेब दक्ष ठरला. मामांचं काम गेलं. आजारी लेकरांचे आईबाप त्यांच्या दारावरून तोंड फिरवून जाऊ लागले.

मी दुरुस्ती मागितली, भांडले. चॅनेलनं दुरुस्ती केली नाही, फिल्मच काढून टाकली. वर म्हणाले, छोटी चूक आहे, इमोशनल होऊ नकोस. ज्यांना गावाची भाषा अडचण वाटते, त्यांनी गावाचा न्याय करू नये, एवढं मी मीटिंगमध्ये ओरडून सांगितलं. सगळे फोनमध्ये बघत होते.

मग मूळ फुटेज घेऊन मीच त्या गावात गेले. ग्रामपंचायतीसमोर लॅपटॉप उघडला. मागून एकजण हसला, "टीव्हीवर आलं ते खोटं अन् मॅडमच्या डब्यातलं खरं काय बे? भाचीच हाय ना त्याची!" माणसं पांगली.

मामांकडे गेले. एरवी "काऊन वो, किती सुकून गेली!" म्हणून अंगणातूनच ओरडणारे मामा उठून उभे राहिले.

"या. बसा. आपण चहा घेणार का?"

"मामा, काऊन असं बोलून राह्यले?"

"आता असंच बोलतो," ते एकेक शब्द जपून म्हणाले. "आपल्या बोलण्याचा लोक भलताच अर्थ काढतात."

माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, आपलं बोलणं जिथं समजावून सांगावं लागत नाही ते घर, असं मी इतकी वर्षं मानत आले. त्या दुपारी मामांच्या घरात आम्ही दोघं शुद्ध मराठीत बोललो, हवापाण्याचं. चहा संपल्यावर मी त्यांना 'धन्यवाद' म्हणाले आणि निघाले.