कारण लिहिल्याशिवाय फाईल ठेवायची नाही

किस्से लक्षात ठेवावे लागतात, असं लोक म्हणतात. आमच्या ऑफिसात ती सोय आहे. ते आपोआप साठतात, तेही तारीखवार!

शाहूपुरीत एका पंपाच्या दुकानावर आमचं ऑफिस. अण्णा मालक, वैशालीताई, हुपरीचा संभा आणि मी कामाला. एकाच सॉफ्टवेअरवर दहा जण हात चालवतात, तेव्हा कुणी काय बदललं आणि बिघडलं तर मागे कसं जायचं, हे सांभाळणारी सिस्टीम आम्ही करतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी नाही. तयार भाग आहेत: एक जुन्या प्रती ठेवतो, एक फाईल लॉक करतो, एक नाव आणि कारण लिहून घेतो. गरजेप्रमाणे जोडून द्यायचे.

*

हे संभा माझ्याहून छान सांगायचा. घरी चांदीचं काम, त्यामुळे वारणानगरकडच्या एका गिऱ्हाइकाला म्हणाला, "पावणं, पैंजणाच्या कड्या आदीच तयार असत्यात. पाय बघून जोडायच्या. आमचं बी तसंच हाय."

पाहुण्यांनी तासभर मान डोलावली. निघताना म्हणाले, "समदं पटलं. सिस्टीमचं मुलाला इचारतो. पैंजण कवा देताय?"

संभानं खरंच करून दिलं!

*

आमची सिस्टीम आम्हीही वापरतो. फाईल परत ठेवताना 'कारण' लिहावंच लागतं. मी सवयीनं लिहायचो, 'किरकोळ बदल'. आतून अण्णा ओरडायचे, "किरकोळ काय असतंय रं? किरकोळ हाय तर केलास कशाला?"

संभाची कारणं वाचण्यासारखी. एकदा लिहिलं, 'काल मी मलाच लई शाना वाटत हुतो.' दुसऱ्या दिवशी त्याच फाईलवर, 'आज बी.'

*

दुसरा नियम हुपरीच्या चांदीकाम करणाऱ्या घरांतला. ज्यानं काम हातात घेतलं, त्यानंच ते खाली ठेवायचं. मधे दुसऱ्यानं हात लावायचा नाही. म्हणून फाईल उचलली की ती त्याच्या नावावर लॉक.

वैशालीताई फाईल लॉक ठेवून बहिणीच्या लग्नाला गेल्या. अण्णांनी मंगल कार्यालयात फोन लावला. ताईंनी शालू सावरत लॅपटॉप उघडला आणि फाईल परत ठेवली. कारण: 'अक्षता पडायल्यात, आता फोन करू नका.'

*

आता माझा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही.

कुठला भाग कशाला जोडायचा हे ज्यात लिहिलेलं असतं, ती जोडणीची फाईल संभानं उचलली होती. तो चहाला खाली गेला. इकडे गिऱ्हाईक फोनवर घाई करत होतं. मी संभाच्याच मशीनवर बसलो, एक ओळ बदलली आणि फाईल ठेवून दिली. संभाला सांगायचं राहून गेलं.

दोन दिवसांनी गिऱ्हाइकाच्या सगळ्या फाईल एकदम लॉक! त्यांची माणसं दिवसभर हातावर हात ठेवून बसली. नोंदीत नाव संभाचं. अण्णा त्याला सगळ्यांसमोर नको ते बोलले.

संभानं स्क्रीन पाहिली. कारणाच्या जागी 'किरकोळ बदल' होतं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्ड पुसत होतो.

"चुकलं, अण्णा," संभा म्हणाला.

महिन्याभरात त्यानं पुण्याची नोकरी धरली.

*

न राहवून मी अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला काय सांगतोस? त्याला सांग की."

त्याला फोन लावला. उचलला नाही. नंतरही कधी उचलला नाही.

*

दीड वर्ष झालं. ती ओळ नीट करून ठेवल्यावर संभानं जोडणीची फाईल पुन्हा उचलली होती, ती अजून त्याच्याच नावावर लॉक आहे. आम्ही तिची प्रत काढून काम भागवतो. त्याचं लॉगिनही चालू आहे. वैशालीताईंनी विचारलं, तर अण्णा म्हणाले, "नाव कशाला पुसायचं? गेलाय, मेला न्हाय!"

मला त्याची फार आठवण येते. दुपारी डबा उघडला की अजून त्याच्या खुर्चीकडे हात जातो, चटणी मागायला. अण्णा एकदा म्हणाले, "कुलूप तोडायचं तर तू तोड. कारण मातर लिव्ह." मी त्या रिकाम्या चौकटीसमोर अर्धा तास बसलो आणि उठलो.

*

परवा मात्र धीर केला. प्रतीच्या फाईलमध्ये एक रिकामी ओळ वाढवली, केवळ कारण लिहिता यावं म्हणून. लिहिलं: 'संभाच्या नावावरचा त्या दिवशीचा बदल मी केला होता. बोललो नाही. चूक माझी. जेवताना चौथी खुर्ची अजून ओढून ठेवतो.'

ती नोंद लॉगिन असलेल्या प्रत्येकाला दिसते, आणि आता कुणालाच पुसता येणार नाही, मलाही नाही. सिस्टीम आम्हीच तशी केली आहे.

आज सकाळी मशीन सुरू केलं. सगळ्यात वर नवी नोंद होती.

'फाईल: जोडणी. परत ठेवणारा: संभा. बदललेल्या ओळी: एकही नाही.'

अण्णा माझ्या मागे येऊन उभे राहिले. खालची ओळ त्यांनीही वाचली, पण ओरडले नाहीत.

'कारण: किरकोळ बदल.'