गोडादऱ्याचा नियम

नीलेश गेल्याचा फोन हॉस्पिटलमधून आला तेव्हा मी सुरतेत, लिंबायतच्या आमच्या मराठी शाळेत वर्गावर होते. आदल्या संध्याकाळीच त्याला भेटून आले होते. डेंग्यू होता, पण माझा भाऊ धडधाकट होता, दोन दिवसांत घरी येईल असंच सगळे म्हणत होते... रिक्षात बसले, अजून डोळ्यांना पाणीही आलं नव्हतं, तोच दुसरा फोन वाजला. "ताई, बहु खोटुं थयुं. नीलेश म्हणजे मना लहान भाऊ," फार वाईट झालं म्हणत पलीकडचा माणूस गुजराती-अहिराणी मिसळून हळहळला, आणि त्याच दमात, "त्याना लॅपटॉप घरीच शे ना?" मी अजून भावाचं तोंडही पाहिलं नव्हतं. या माणसाचं नाव छापता येणार नाही, असं संपादकांनी मला बजावलं आहे. हरकत नाही. नाव छापून यायची त्याला फार हौस, ती मी कशाला पुरवू? मी त्याला नुसतं आयोजक म्हणेन. सुरतेत टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा भरवणं हा त्याचा धंदा. लेख माझ्या भावाबद्दल आहे, पण आयोजकाने तो सावकाश, चष्मा लावून वाचावा अशी माझी इच्छा आहे.

नीलेश आधी रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये एका साडीवाल्याकडे बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. एक दिवस ते सोडून घरी आला आणि म्हणाला, आता मी क्रिकेटच्या आकड्यांचं सॉफ्टवेअर बनवून विकणार. आमच्या वडिलांचा, बापूंचा, जन्म कापड विणायच्या लूमवर गेलेला. ते जेवता जेवता थांबले. "खेळना आकडा इकीसन पोट भरस का रे?" भरलं, हळूहळू भरलं. स्कूटरला लॅपटॉपची बॅग अडकवून तो मंडळामंडळात फिरायचा, पत्र्याच्या शेडमध्ये चार खुर्च्या मांडून दाखवायचा. लोक आधी हसायचे. मग कुणीतरी आपलंच नाव टाकून बघायचा आणि हसू थांबायचं. दिवसभर लूमच्या खडखडाटात उभा राहणारा माणूस, ज्याचं नाव पगाराच्या दिवशी सोडलं तर कुणी घेत नाही, त्याला पडद्यावर दिसायचं की त्याची सरासरी किती, तो डावऱ्या बोलरला किती वेळा आऊट झाला, शेवटच्या ओव्हरमध्ये किती मारतो. गोडादऱ्याच्या कामगारवस्तीत एकाने तो आकड्यांचा कागद छापून घेऊन देवांच्या फोटोशेजारी चिकटवला होता. नीलेशने तो पाहिला त्या दिवशी तो घरी गाणं म्हणत आला आणि त्याला गाण्याचं काहीएक अंग नव्हतं.

आता या गोष्टीचं मर्म सांगते. आमच्याकडे क्रिकेटचे नियम मैदानागणिक बदलतात. गोडादऱ्यात विकेटच्या मागे लगेच कारखान्याची भिंत, म्हणून तिथे मागे रन नाही. दुसरीकडे पत्र्यावर चेंडू गेला की बॅट्समन आऊट, कारण शेडवाला चेंडू परत देत नाही, शिव्या देतो. नीलेश स्पर्धेच्या आधी स्वतः मैदानावर जायचा, चारी बाजू चालून बघायचा, पोरांना विचारायचा, "इथला नियम काय?" आणि मग सॉफ्टवेअरमध्ये तसं लावून द्यायचा. नियमांचं पान उघडायला पासवर्ड होता, तो फक्त त्याच्याकडे. स्वतः गोडादऱ्यात खेळून वाढलेला, त्यामुळे नव्या स्पर्धेचं पान उघडलं की सॉफ्टवेअर आपोआप गोडादऱ्याचेच नियम धरायचं. बदलले नाहीत, तर मोठ्या मोकळ्या मैदानावरही मागे मारलेले रन शून्य.

आयोजकाने ते सॉफ्टवेअर एका स्पर्धेपुरतं घेतलं, त्याची नक्कल करून ठेवली, पहिल्या पडद्यावरचं नीलेशचं नाव काढून स्वतःचा हात जोडलेला फोटो लावला आणि इच्छापोरच्या कंपन्यांच्या स्पर्धांना 'आमचं सॉफ्टवेअर' म्हणून विकायला लागला. पहिल्याच दिवशी रन गायब झाले. मग त्याने फोन कुणाला करावा? नीलेशला! ताकाला जाऊन भांडं लपवायची तरी रीत असते, याने भांडं पुढे करून वर मीठ मागितलं. आणि माझा भाऊ स्कूटर काढून गेला. एकदा नाही, दर स्पर्धेला गेला. मी भांडले, ओरडले, म्हटलं, चोराच्या दाराला तू कुलूप लावून देतोस? तर म्हणाला, "आक्का, धंदा त्याना राहू दे. रन पोरेसना शेतस." माझ्या भावात राग नावाची वस्तूच देवाने घातली नव्हती. दोघांच्या वाटणीची माझ्यात घातली असणार.

हॉस्पिटलमधल्या त्या शेवटच्या संध्याकाळीही तेच. अंगात ताप, हाताला सलाईन, आणि मला जवळ बोलावून पासवर्ड सांगतो! "इच्छापोरले नवी स्पर्धा शे. मी नही गऊ तर तू जाय, आक्का. पोरेसना रन कापाई जातीन." मी म्हटलं, आधी बरा हो, मग बघू. पाठीमागची उशी सरळ केली आणि घरी आले... पुढे काय झालं ते सांगितलंच.

दहाव्याला गल्लीच्या तोंडावर भावपूर्ण श्रद्धांजलीचं बॅनर लागलं. त्यात नीलेशचा फोटो तळहाताएवढा आणि आयोजकाचा परातीएवढा. खाली 'आमचे सहकारी'. पिंडाला कावळा शिवायच्या आत त्याने मला बाजूला घेऊन पासवर्ड विचारला. मी म्हटलं, देते, पण आधी पहिल्या पडद्यावर नीलेशचं नाव परत लाव. तो समजूत काढल्यासारखा हसला. "ताई, आता नाव लावून त्याला काय मिळणार?" माणूस मेला की त्याची चोरी पचली, असा याचा हिशेब. त्या क्षणी मी ठरवलं की याला मी सोडणार नाही.

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी मी सुती साडी नेसून, पर्समध्ये पाण्याची बाटली टाकून इच्छापोरच्या मैदानावर पहिल्या रांगेत जाऊन बसले. स्टेजवर पाहुणे, फेटे, हार. भूषण नावाचा गोडादऱ्याचाच एक बॅट्समन होता, लूमवर काम करतो. त्याने विकेटच्या मागे असे काही चौकार काढले की काय सांगावं, आणि बोर्डावर आकडा जागचा हलेना. लोक उठले. "अरे, स्कोर बतावो ने!" आयोजक घामाघूम होऊन माझ्यापुढे येऊन वाकला. "ताई, पाया पडतो." मी म्हटलं, पाया नको पडू, माइक घे. सॉफ्टवेअर कुणी बनवलं ते सांग. तो माइकमध्ये पुटपुटला. वर्गात करते तसा मी कानाला हात लावला. म्हटलं, मागच्या बाकापर्यंत आलं नाही. दुसऱ्यांदाही नाही आलं. तिसऱ्यांदा त्याने सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडून सांगितलं की हे सॉफ्टवेअर नीलेशने बनवलं, माझं नाही. गोडादऱ्याची पोरं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली आणि मी तिथेच, त्या सगळ्या गर्दीत, हुंदके देऊन रडले.

मग डोळे पुसून लॅपटॉपपुढे बसले. नियम बदलला, सॉफ्टवेअरने सगळे चेंडू पुन्हा मोजले, भूषणचे रन भूषणला मिळाले. भावाचा शब्द राहिला. आणि तिथेच बसल्या बसल्या मी पासवर्डही बदलला.

सगळ्या खेळाडूंचे जुने आकडे त्यातच आहेत, म्हणून आयोजकाला दुसरं काही घेता येत नाही. आता पहिल्या पडद्यावर नीलेशचं नाव आहे, आणि दर स्पर्धेआधी आयोजक लॅपटॉप घेऊन माझ्या घरी येतो. लोक म्हणतात, ताई, झालं गेलं, सोडा आता. का सोडू? नीलेश ज्या खोलीत काम करायचा तिथेच आयोजकाला बसवते, खिडकीजवळच्या लोखंडी खुर्चीवर. आतल्या खोलीत आई ओट्यापाशी जाते, भांडं हातात घेते आणि माझ्याकडे बघते. मी मान हलवते, ती भांडं परत ठेवते. आमच्या घरातून आजवर कुणीही, अगदी वीज तोडायला आलेला माणूससुद्धा, चहा घेतल्याशिवाय गेलेला नाही. हा जातो.