तोंडी परीक्षेतला एकच प्रश्न

चिन्नोर तांदूळ शिजल्याचा वास आला की मला अजून माझी पीएचडीची तोंडी परीक्षा आठवते. विषय उपयोजित रसायनशास्त्राचा. धानाच्या तुसाची राख वापरून विहिरीच्या पाण्यातलं लोह काढायची रीत मी बसवली होती. तूस बाबांनीच आमच्या गावाहून, करडीहून, पोत्यांनी आणून दिलं होतं. परीक्षा सगळ्यांना खुली, म्हणून ते इस्त्रीचा सदरा घालून मागच्या बाकावर ऐकायला बसले. बाहेरून आलेल्या परीक्षकांना रिवाजाप्रमाणे आधी जेवण, तेही आमच्याच घरचं. मग मी बोलत राहिले आणि परीक्षक पेंगत राहिले. त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर, अभ्यासक्रमाचं पहिलं उद्दिष्ट टांगलेलं होतं: प्रश्न विचारणारे संशोधक घडवणे. शेवटी डोळे उघडून त्यांनी विचारलं, "जेवणातला तांदूळ कुठला होता हो?" बाबा हात जोडून उठले. "आमच्याच धानाच्या बांधीतला जी, साहेब." सगळे हसले, टाळ्या वाजल्या, परीक्षा संपली. परतताना बसमध्ये बाबा हळूच म्हणाले, "तुह्या राखेचं काहून नाही इचारलं वं, माय?" आता तोच अभ्यासक्रम मी शिकवते. ते उद्दिष्ट दरवर्षी फळ्यावर लिहिते. माझ्या परीक्षेत प्रश्न एकच आला. त्याचं उत्तर बाबांनी दिलं, आणि डॉक्टर मी झाले.