चेंबरचे अठरा बोल्ट

गॅरेजात किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. तासाभराचं म्हणून सांगितलेलं काम दिवसभर चालतं, गाडीचा मालक स्टुलावर बसून कंटाळतो, कुणीतरी बोलायला सुरुवात करतं, आणि कोपऱ्यातल्या काळ्या चिंध्यांसारखा आणखी एक किस्सा ढिगावर पडतो. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझ्या पप्पांचं गॅरेज आहे. ओवी झाल्यावर मी ऑफिस सोडलं, आणि ती दहा महिन्यांची झाल्यापासून तिला घेऊन इथल्या काचेच्या केबिनमध्ये बसते. फोन घेते, कुठली गाडी कधी मिळेल ते सांगते आणि काळजी करते. पहिल्या दोन कामांसाठी मला ठेवलंय. तिसरं मी माझ्या मनाने करते.

माझ्याकडचे बहुतेक किस्से चेंबरचे आहेत. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाला बोल्टांनी आवळलेली पत्र्याची कढई. इंजिनाचं सगळं ऑइल तिच्यात. पुस्तकात तिला ऑइल पॅन म्हणतात. आपल्या रस्त्यांवर ती चेपते, चिरते, आणि माणसं तोंडं पाडून आमच्याकडे येतात.

* * *

मरोळचे एक गृहस्थ असेच आले. त्यांना दुसरीकडे सांगितलं होतं की चेंबर बदलायचं तर अख्खं इंजिन बाहेर काढावं लागेल. घरच्या माणसाचं मोठं ऑपरेशन ठरावं तसा चेहरा झाला होता त्यांचा.

पप्पांनी समजावलं. बॉनेट उघडून वर आडवा लोखंडी बार टाकायचा, त्याला साखळीने इंजिन टांगायचं, एका बाजूचा माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं तो आधार, सोडून ते दोनेक इंच उचलायचं. खालचा आडवा पट्टा सोडवायचा. मग चेंबर तिरपं करून बाहेर ओढण्याएवढी फट मिळते. इंजिन असतं तिथेच राहतं.

गृहस्थांनी पुन्हा विचारलं, इंजिन न काढता खरंच होतं का?

"साहेब," पप्पा म्हणाले, "नखं कापायला कुणी हात उतरवून ठेवत नाही."

तरी त्यांचं समाधान झालं नाही. साखळीवर लटकलेलं आपलं इंजिन पाहिल्यावर ते गाडीच्या दारावर हात ठेवून उभेच राहिले. शेवटी गाडीखालून फ्रान्सिस अंकलचा आवाज आला, "साहेब, बाहेर बसा जरा. पेशंट शुद्धीवर हाय."

फ्रान्सिस अंकल म्हणजे आमचे दुसरे मेकॅनिक. मूळचे गोराईचे, अजूनही सकाळी बोटीने खाडी ओलांडून कामाला येतात. पप्पांबरोबर तीस वर्षं; पप्पांना वसंता म्हणून हाक मारणारे ते एकटेच. दोघांत मिळून आवाज एकच, तो अंकलचा. पप्पा फार बोलत नाहीत.

* * *

आमच्याकडे चेंबर उघडण्याची एक रीत आहे. पप्पा पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढतात आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्या आकारात त्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवतात, कारण दिसायला सारखे असले तरी काही लांब असतात, काही आखूड. गाड्यांप्रमाणे संख्या बदलते, पण आमच्याकडे सर्वात जास्त येणाऱ्या गाडीला अठरा आहेत. ओवीला अजून दोनच्या पुढे येत नाही. मला अठरापर्यंतचं मोजणं आता झोपेतही येतं.

दुसरी रीत शेवटच्या हाताची. चेंबर कुणीही उघडो, कुणीही साफ करो, बंद करताना शेवटचा हात पप्पांचा. हे बोल्ट बारीक. जास्त आवळले तर आटे जातात, कमी आवळले तर ऑइल पाझरतं. पप्पा पाना दांड्याच्या टोकाला धरत नाहीत, डोक्याजवळ धरतात, दोन बोटांनी, म्हणजे जोर लावायचा म्हटलं तरी लागत नाही. मधल्यापासून सुरुवात, मग डावीकडचा, मग उजवीकडचा. बोल्ट "बसला" की बोटांना कळतं, म्हणतात.

एका गिऱ्हाइकाने कौतुकाने त्यांना जोर मोजणारा टॉर्क पाना भेट दिला. ठरवलेला जोर झाला की तो कट् असा वाजतो. पप्पांनी तो भिंतीवर टांगला. दसऱ्याला त्याला झेंडू वाहतात. बाकी वर्षभर त्याच्याकडे कुणी बघत नाही.

* * *

हा किस्सा माझ्या मूर्खपणाचा म्हणून गॅरेजात सांगतात. मी तो जरा वेगळा सांगते.

ओवी नुकती चालायला लागली होती. पप्पा गाडीखाली होते, अठरा बोल्टांचा पुठ्ठा जमिनीवर होता, आणि मी फोनवर असताना ओवी पुठ्ठ्यापाशी जाऊन बसली. मी धावत जाऊन तिला उचललं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे बोल्ट मोजले. सतरा. पुन्हा मोजले. सतरा. ओवीच्या तोंडात बोट घातलं, तर ती हसली. मला ते हसणंही संशयास्पद वाटलं.

पुढच्या मिनिटाला मी रिक्षात होते. डॉक्टरांना बोल्टचा आकार सांगितला, लांबी सांगितली, आट्यांचं वर्णनही केलं. त्यांनी एक्स-रे काढायला पाठवलं. तिथे रांगेत असताना अंकलचा फोन आला.

"सापडला."

मी विचारलं, कुठे? ते म्हणाले, "तू परत ये गो आधी."

परत आले तर सगळे हसत होते. पप्पासुद्धा. मी गेल्यावर पप्पांनी गाडीखाली, ट्रेमध्ये, माझ्या केबिनमध्ये, ओवीच्या दुधाच्या बाटलीच्या पिशवीत, सगळीकडे शोधलं होतं. वीस मिनिटं गुडघ्यांवर. आणि बोल्ट त्यांच्याच डाव्या हातात होता. काम करताना निघालेला बोल्ट करंगळी आणि शेजारच्या बोटात धरून ठेवायची त्यांची जुनी सवय. काळ्या हातात काळा बोल्ट. अंकलनी त्यांचं मनगट धरून बोटं उघडली आणि काढला.

मीही हसले. ओवीच्या पोटात काही नव्हतं, मला दुसरं काय हवं होतं? मग माझं अंकलकडे लक्ष गेलं. ते हसत नव्हते. चिंधीने तो बोल्ट पुसत होते, पुसून झाला तरी पुसत होते.

करंगळीत लोखंड आहे आणि ते कळत नाही, असं कधी होतं? पप्पांना डायबेटिस आहे हे मला माहीत होतं. हाताला मुंग्या येतात असं ते ओवीच्या जन्माआधी एकदा म्हणाले होते. तेव्हा मी सात महिन्यांची गरोदर होते आणि जगातल्या इतर सगळ्या गोष्टींची काळजी करत होते.

* * *

मग ठिबकणाऱ्या गाड्या परत येऊ लागल्या.

पहिल्या गाडीच्या मालकीणबाई बोरिवलीत शाळेत शिकवतात. त्यांनी पार्किंगमध्ये गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं आणि रोज सकाळी ऑइलच्या डागाभोवती लाल पेनाने गोल करून बाजूला तारीख घातली. पाच दिवसांचे पाच कागद घडी करून घेऊन आल्या आणि पप्पांपुढे ठेवले. पाचवा गोल पोळीएवढा होता.

"तुमचं काम म्हणून दिली होती हो गाडी," एवढंच म्हणाल्या.

पप्पांनी कागद नीट बघितले, उत्तरपत्रिका परत मिळालेल्या मुलासारखे. फटीत भरायच्या सिलिकॉनात आता दम राहिला नाही, असं म्हणाले आणि चेंबर पुन्हा बंद करून दिलं. महिन्याभराने दुसरी गाडी आली. मग सिलिकॉनची कंपनी बदलली. मग तिसरी आली.

तिसऱ्या गाडीने मी घाबरले. ही माणसं डाग बघून आली, न बघणारी असतील तर? ऑइल संपलं की इंजिन चालता चालता जाम होतं. हायवेवर, मागून ट्रक येत असताना, मागच्या सीटवर एखादी ओवी असताना. मला एवढ्याशा गोष्टीवरून अपघातापर्यंत जायला फार वेळ लागत नाही, सगळे चिडवतात त्यावरून. पण या वेळी अंकलनी चिडवलं नाही.

* * *

पप्पांशी बोलायचा प्रयत्न मी एकदा केला. घरी आरशासमोर वाक्य तयार केलं होतं. तुमचे हात आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, हे ते वाक्य. गॅरेजात पोचेपर्यंत त्याचं असं झालं, की हल्ली गिऱ्हाइकं विचारतात, तर भिंतीवरचा टॉर्क पाना वापरू या का?

पप्पांनी पाना खाली ठेवला. "तुझ्या पोरीचं अंग तापलं तर तू आधी काय लावतेस? हात, की थर्मामीटर?"

मी खरं ते सांगितलं. "थर्मामीटर. दोनदा."

त्यांनी पाना पुन्हा उचलला. "मग तुझ्याशी काय बोलायचं गो," म्हणाले आणि गाडीखाली गेले.

हा किस्सा ते स्वतः सगळ्यांना सांगतात. लोक खूप हसतात. मला मात्र अजून वाटतं, त्या दिवशी मी ते आरशातलं वाक्य बोलायला हवं होतं. अंकलना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "नको. गाडीखाली जाणं सोडलं ना, तर तो माणूस घरी बसून आठ दिवसांत म्हातारा होल. मना माहीत हाय तो."

* * *

तेव्हा अंकलनी आणि मी एक व्यवस्था लावली.

पप्पा चेंबरला शेवटचा हात मारून झाला की हात धुऊन गल्लीच्या तोंडाशी चहाला जातात. वीस मिनिटं लागतात. गाडी अजून लोखंडी घोड्यांवर उचललेली असते. ते वळणावर दिसेनासे झाले की अंकल भिंतीवरचा टॉर्क पाना काढतात आणि चाकं लावलेल्या फळीवर पाठ टेकून गाडीखाली सरकतात. मी ओवीला कडेवर घेऊन बाजूला उकिडवी बसते आणि हातातला दिवा आत धरते. एक कान गल्लीकडे. अंकल अठराच्या अठरा बोल्ट पुन्हा तपासतात, ढिले असतील ते कट् वाजेपर्यंत आवळतात. पाना भिंतीवर परत. पप्पा येईपर्यंत मी केबिनमध्ये.

गाड्या ठिबकायच्या थांबल्या. पप्पा म्हणाले, शेवटी सिलिकॉन चांगलं मिळालं.

आपल्याच वडिलांच्या पाठीमागे त्यांच्या कामावर हात फिरवायचा, आणि ते खूश झाले की मान डोलवायची. मला हे काम फार चांगलं जमू लागलं होतं. त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

* * *

परवा मंगळवारची गोष्ट. अठरा बोल्टांचीच गाडी. पप्पांनी शेवटचा हात मारला, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, चहाला गेले. ओवी केबिनमध्ये झोपली होती. अंकल फळीवरून आत सरकले, बाहेर फक्त त्यांचे पाय. मी दिवा धरून बसले. सातआठ बोल्ट झाले असतील.

चहावाला गावी गेला होता, हे मला नंतर कळलं. पप्पा पाच मिनिटांत परत आले.

मी उठायला गेले, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बसवलं. भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघितलं. मग अंकलच्या पायांकडे. मग माझ्या हातातला दिवा घेतला आणि माझ्या शेजारी उकिडवे बसून आत धरला.

"जरा डावीकडे घे गो," अंकल खालून म्हणाले.

पप्पांनी दिवा डावीकडे घेतला.

"हां. बस." कट्. "आज चार ढिले हायत बघ. गेल्या टायमाला दोनच होते."

अंकल एकेक बोल्ट घेत पुढे सरकत होते आणि दिवा त्यांच्या हाताबरोबर सरकत होता, माझ्यापेक्षा कितीतरी नीट. कुठल्या बोल्टनंतर कुठला, हे दिव्याला आधीच कळत होतं. पुन्हा एकदाही मागावा लागला नाही.

"झाले," अंकल म्हणाले. "बघ जरा, वसंता आला काय?"

"आला," पप्पा म्हणाले.

गाडीखालचे पाय हलले नाहीत.

"मागचा बघ अजून एकदा," पप्पा म्हणाले. "गिअरबॉक्सकडचा, आतला. तो बसला की नाही, बोटांना कळलंच नाही."

पप्पांनी दिवा तसाच धरून मागे नेला, हात लांब करून, जेवढा जाईल तेवढा आत. बऱ्याच वेळाने पाना बोल्टवर बसल्याचा आवाज आला, आणि मग कट्.