आत्याच्या ट्रकचा मागचा एक्सल आणि माझं शहाणपण

गेल्या रविवारी पडेगावच्या एका गॅरेजात माझी जी फजिती झाली, ती आत्याची परवानगी घेऊन इथं लिहितोय... परवानगी देताना ती इतकी हसली की मोबाईल हातातून पडला म्हणे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. राहते पिशोरला, वय बासष्ट. मामांची, म्हणजे तिच्या यजमानांची नजर अधू झाली, तेव्हा घरचा छोटा ट्रक विकायचं घाटत होतं. आत्यानं लायसन्स काढलं आणि स्टिअरिंगवर स्वतःच बसली. चौदा वर्षं झाली त्याला. आसपासच्या शेतांतली अद्रक आजही तीच बाजारात पोचवते.

यंदा पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला आणि काळ्या रानात तिचा भरलेला ट्रक फसला. मागचं एक चाक चिखलात गरगर फिरत राहिलं, दुसरं जागचं हलेना. तिनं जोर लावला आणि खालून कडकन आवाज आला... ट्रॅक्टरनं ओढून ट्रक बाहेर काढला आणि पडेगावला सत्तारभाईंच्या गॅरेजात आणून लावला.

सत्तारभाईंनी मागचा एक्सल खोलला. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणारी गिअरची पेटी, पार कामातून गेली होती. गिअरचे दात तुटलेले, बेरिंग खिळखिळी, तेलात लोखंडाचा चुरा.

"नया ही बिठाना है तो लॉकवाला बिठाओ," ते मला फोनवर म्हणाले. लॉक लागलं की दोन्ही चाकं एकत्र फिरतात, मग एक चाक चिखलात असलं तरी दुसरं गाडी बाहेर काढतं. यात दोन प्रकार होते. एक आपोआप लॉक होणारा, दुसरा बटण दाबून लावायचा. आत्याच्या ट्रकला हवेचे ब्रेक आहेत, त्यामुळे त्याच हवेवर बटणाचं लॉक चालणार होतं.

मी तीन दिवस इंटरनेट पालथं घातलं होतं. त्यामुळे रविवारी सकाळी गॅरेजात पोचलो तो निर्णय घेऊनच. "आपोआपवालाच बसवा सत्तारभाई. आत्याचं वय झालंय आता... बटण बंद करायचं विसरली तर?"

सत्तारभाई माझ्या खांद्यावरून मागं बघत राहिले.

मागं आत्या उभी. पिशोरहून पहिल्या एसटीनं निघून थेट गॅरेजात आली होती. हातात भाकरीची पिशवी.

"लायसन्स काढलं तवा तुझा बापबी असंच म्हणला व्हता," ती शांतपणे म्हणाली. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

मग तिनं सत्तारभाईंना सरळ प्रश्न विचारला. "भरल्या गाडीनं वेरूळच्या घाटात वळण घेताना ते आपोआपवालं काय करतं?"

"कभी पकडेगा, कभी छोडेगा, आपा. गाडी झटका देती."

"मग नाय पाहिजे. रानात लागंल तवा मी दाबीन बटण. घाटात गाडी माझ्या हातात पाहिजे, तिच्या मनानं नाय चालायची."

तीन दिवसांच्या माझ्या अभ्यासात हा घाट कुठंच आला नव्हता...

दिवसभर काम चाललं. सत्तारभाई गिअरच्या दातांना रंग लावायचे, फिरवून बघायचे, ठसा दाताच्या मधोमध उमटला नाही की मान हलवून परत खोलायचे. तीन वेळा खोललं. आत्या चष्मा लावून शेजारी स्टुलावर बसली होती. दुपारी तिनं आम्हा सगळ्यांना भाकरी आणि ठेचा वाढला.

चारच्या सुमारास डॅशबोर्डवर बटण आणि लाल दिवा बसला. ट्रायल मी घेणार म्हणून मी हट्टच धरला. आत्या मुकाट्यानं शेजारच्या सीटवर बसली.

गॅरेजच्या मागं चिखलाचं मैदान आहे. ट्रक मुद्दाम त्यात घातला. एक चाक फिरायला लागलं, मी बटण दाबलं, खट्ट आवाज झाला... आणि ट्रक म्हशीसारखा डुलत डुलत बाहेर! मी आनंदानं ओरडलोच. त्याच जोशात गाडी डांबरी रस्त्यावर घेतली आणि यू-टर्न मारायला गेलो.

स्टिअरिंग दगडासारखं जड. ट्रक वळायलाच तयार नाही, टायर किंचाळतायत, मागचा मोटारसायकलवाला माझ्या खानदानाचा उद्धार करतोय. "आत्या, सत्तारभाईंनी काहीतरी चुकीचं बसवलंय!" मी घाबरून म्हणालो.

आत्यानं हात लांब केला आणि बटण बंद केलं. लाल दिवा विझला. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरलं.

गॅरेजात परत आल्यावर ती खाली उतरली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "बासष्टावं नेमकं कुणाला लागलं रे?" सत्तारभाई पाना टाकून खालीच बसले हसत.

उजेड असतानाच ती ट्रक घेऊन निघाली. गुरुवारी फोन आला. ज्या रानात एक्सल तुटला होता, तिथूनच भरलेली गाडी बाहेर काढली होती. शिवाय शेजाऱ्याचा फसलेला टेम्पोही दोर लावून ओढला. "लई भारी चालतंय बघ," एवढंच म्हणाली, पण आवाजातली वीस वर्षं कमी झाली होती.

काळजीच्या नावाखाली मी तिच्या हातातलं बटणच काढून घ्यायला निघालो होतो, आणि तेही तिला न विचारता. ती वेळेवर पोचली, हे माझं नशीब... थँक यू, आत्या. रागावली असतीस तरी चाललं असतं, पण तू हसलीस.