वहिनीचा कप

आमची वहिनी चॉकलेटच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. मोडलेले, कोपरे उडालेले तुकडे विकता येत नाहीत, म्हणून दर शनिवारी ते कामगारांत वाटून टाकतात. बाकीच्या बायका दुधाच्या गोड चॉकलेटवर तुटून पडतात. आमच्या बाईसाहेब मात्र काळंकुट्ट, कडू तेवढंच मागून आणतात. का, तर नवऱ्याला आवडतं. माया करायला लागली की ही बाई हात आखडत नाही, आणि ऐकत तर कुणाचंच नाही.

नवरा म्हणजे माझा दादा. बस चालवतो. लग्नाआधी पाठ टेकली की घोरायचा. लग्न झालं आणि झोप उडाली ती उडालीच. आधी आम्ही हसण्यावारी नेलं, मीही चार टोमणे मारून घेतले. पण एकदा भर दुपारी सिग्नल हिरवा झाला तरी त्याची बस हलेना. मागून भोंगे वाजले तेव्हा साहेबांचे डोळे उघडले. डेपोतून सरळ सांगण्यात आलं, पुन्हा असं झालं तर स्टिअरिंग सोडायचं आणि तिकीट खिडकीत बसायचं. दादाचं तोंड एवढंसं झालं. त्या बसवर त्याचा जीव आहे हो.

वहिनीने कंबर कसली. जेवण लवकर, तिखट बंद, तळलेलं बंद, दुपारनंतर चहाचं नाव काढायचं नाही. चहाशिवाय माझं डोकं चालत नाही, पण माझं विचारतो कोण? आणि झोपताना दादाला कपभर गरम दूध ती पहिल्यापासून द्यायचीच, त्यात काळं चॉकलेट किसून. दुधाने झोप येते म्हणे. झोप येईना तसं तिने चॉकलेट वाढवलं.

मग ती आठवडाभर माहेरी गेली. दूध द्यायचं काम माझ्यावर आलं. किसत कोण बसतंय? नुसतंच दिलं. दादा असा झोपायला लागला की सकाळी गदागदा हलवावं लागे. वहिनी परत आली आणि झोप पुन्हा पळाली. आता हे तिला सांगायचं कुणी? माझ्यासारखी तोंडाळ बाईसुद्धा मूग गिळून बसली. सांगितलं आईने, कपड्यांच्या घड्या घालता घालता, की तू नव्हतीस तेव्हा बरा झोपायचा गं.

वहिनीने ते मनाला लावून घेतलं. रात्रीची जेवणं झाल्यावर उशी काखोटीला मारून माझ्या खोलीत आली. दादा मागोमाग विनवत आला, तेव्हा एवढंच म्हणाली, "तुमची बस तुमच्या हातात राहू दे. मी काय, भिंतीपलीकडेच आहे."

मला असलं काही बघवत नाही. मी उगाचच पंख्याच्या नावाने खडे फोडले. दादाही हट्टाला पेटला, दुधाच्या कपाला त्याने हात लावला नाही. टाकून देणं वहिनीच्या रक्तात नाही, म्हणून तो तिनेच पिऊन टाकला.

एरवी पडल्या पडल्या झोपणारी ही बाई, पण त्या रात्री कूस बदलून बदलून तिने माझाही डोळा लागू दिला नाही. भिंतीपलीकडे दादा ढाराढूर.

सकाळी लाल डोळ्यांनी तिने मला विचारलं, मी नसताना यांना दुधातून काय देत होतीस. मी म्हटलं, काही नाही, किसायचा कंटाळा. मग कारखान्यात जाऊन तिने चॉकलेटचं विचारलं, तर बरोबरच्या बायका हसायला लागल्या. अगं, कॉफीत झोप उडवणारं जे असतं तेच त्या काळ्या चॉकलेटात असतं, एवढंही ठाऊक नाही?

घरी आली ती दारातूनच म्हणाली, "मी नव्हते गं. कप होता!" आणि हसता हसता तिला रडू आलं. मलाही आलं, खोटं कशाला बोलू.

उशी त्याच दिवशी परत गेली. आता नुसतं दूध रात्री, आणि चॉकलेटचा कप दादा सकाळी डेपोत जायच्या आधी पितो. बस अजून त्याच्याच हातात आहे.

उशी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघांना सुट्टी होती. उन्हं वर आली तरी कुणी उठेना, म्हणून मी उठवायला गेले. दादा घोरत होता आणि त्याच्या दंडावर डोकं टाकून वहिनीसुद्धा. मी दार हळूच लोटलं आणि आधी जाऊन स्वतःसाठी कडक चहा टाकला.